यादीत गाव आहे, पण सापडत नाही

छापील अर्जावर एक ओळ हमखास असायची: 'लागू नसेल ते खोडा'. पुढे विवाहित / अविवाहित, बागायत / जिरायत वगैरे. ज्याला लिहिता येई तो स्वतः रेघ मारी, ज्याला येत नसे तो तलाठी आप्पांना तोंडी सांगे. कागदावर प्रश्न, त्याचे पर्याय आणि त्यांची मांडणी एकाच शाईत छापलेली. त्यांची फारकत करायची सोयच नव्हती. अर्ज संगणकावर आले तेव्हा ती सोय मिळाली. 'यातलं एक निवडा' हा प्रश्न एका जागी लिहायचा आणि तो कसा दिसावा हे दुसऱ्या जागी. मग तोच प्रश्न मोठ्या पडद्यावर एक रूप घेईल, पाच इंची फोनवर दुसरं, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या कानावर तिसरं. ही सोय हाताशी येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आपल्याकडचे कितीतरी सार्वजनिक अर्ज ती अजून वापरत नाहीत, आणि त्याची झळ अर्ज बनवणाऱ्याला लागत नाही, भरणाऱ्याला लागते.

मी धुळ्यात राहतो. शाळा-कॉलेजांचे, पतपेढ्यांचे ऑनलाइन अर्ज बनवणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे ज्या चुकांबद्दल लिहितोय त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केल्या आहेत. हा विषय मला गंभीर का वाटू लागला त्याचं कारण मात्र माझं काम नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका सेवा केंद्रात दाखल्यासाठी बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत एक आबा होते. संगणकावरच्या पोराने त्यांच्यासाठी जिल्हा धुळे, तालुका धुळे निवडलं आणि गावाची यादी उघडली. आबा पुढे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, यामा मन्हं गावच नही शे."

आबांचं गाव मोहाडी. धुळे तालुक्यात मोहाडी प्र. लळिंग आहे आणि मोहाडी प्र. डांगरीही आहे. 'प्र.' म्हणजे प्रगणे, जुन्या काळचा महसुली विभाग. राजवटी गेल्या, प्रगणे गेले, पण ती खूण गावाच्या नावात राहिली, कारण तिच्यावाचून एक मोहाडी दुसरीपासून वेगळी सांगता येत नाही. पडद्यावरची यादी अरुंद होती, गोलसर कोपऱ्यांची, खाली नाजूक सावली असलेली. तिच्यात 'मोहाडी प्र…' अशा दोन ओळी एकाखाली एक दिसत होत्या. नावाचा जो तुकडा ओळख पटवतो तोच कापून त्या जागी तीन ठिपके ठेवले होते. पोराने अंदाजाने वरची ओळ निवडली. अंदाज चुकला. अर्ज भलत्या सजाच्या, म्हणजे दुसऱ्याच गावगटाच्या तलाठ्याकडे गेला, तिथून परत आला, आणि त्यात आबांचे पंधरा दिवस आणि दोन खेपा गेल्या.

घरी आल्यावर मी ते पान उघडून आतून पाहिलं. नावं पूर्ण होती. म्हणजे माहिती बरोबर होती आणि मांडणीने ती गिळली होती.

आता थोडं तंत्राबद्दल. एचटीएमएल या वेबच्या भाषेत निवडीसाठी 'सिलेक्ट' नावाचा घटक आहे, त्याच्या आत एकेक 'ऑप्शन'. एचटीएमएल २.० चं मानक नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही हे दोन्ही होते. हा शब्द वाचला की ब्राउझरला कळतं की इथे माणसाला निवड करायची आहे. मग बाकीचं तो स्वतः बघतो. अँड्रॉइड फोनवर तो यादी वेगळ्या मोठ्या चौकटीत उघडतो आणि लांब नाव दुसऱ्या ओळीवर नेतो. संगणकावर वर-खाली बाणांची बटणं चालतात, पहिलं अक्षर टाइप केलं की त्या नावावर उडी बसते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो सांगतो की ही निवडयादी आहे, तिचं नाव 'गाव' आहे, आत्ता अमुक पर्याय निवडलेला आहे. नाव सांगणारं 'लेबल' तेवढं जोडलं की यासाठी बनवणाऱ्याला आणखी एक ओळही लिहावी लागत नाही.

आबांच्या अर्जात 'सिलेक्ट' नव्हताच. तिथे 'डिव्ह' होते. डिव्ह म्हणजे कोरी चौकट, तिला स्वतःचा काही अर्थ नाही. अशा चौकटी एकाखाली एक रचायच्या, त्यांना रंग द्यायचा, टोकाला खालच्या दिशेचा छोटा बाण काढायचा आणि क्लिक केल्यावर त्या उघडतील असा प्रोग्राम जोडायचा. दिसायला निवडयादीच. पोळ्याला आपण मातीचा बैल रंगवून पूजतो, पण औताला जुंपायला गोठ्यातलाच लागतो. सेवा केंद्रातली पोरं दिवसभर असे अर्ज भरतात. त्यांचे हात टॅबचं बटण आणि बाण यांवर पळत असतात. मातीची यादी आली की हात थांबतो, माउस शोधावा लागतो आणि बाहेरची रांग तेवढी लांबते.

माझा एक मित्र पारोळा तालुक्यात शिक्षक आहे. जन्मापासून अंध. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर वापरतो, त्यात मराठी आवाजही मिळतो. ईमेल, बातम्या, बँकेचं खातं हे सगळं तो एकटा सांभाळतो. एकदा त्याला नोकरीच्या कामासाठी एक ऑनलाइन अर्ज भरायचा होता, पसंतीच्या शाळा क्रमाने निवडायच्या होत्या. यादीपाशी गेला की एनव्हीडीए फक्त 'क्लिकेबल' एवढंच म्हणे. कसली यादी, किती नावं, कोणतं नाव निवडलंय, काही नाही. शेवटी त्याने शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं, त्याला पासवर्ड सांगितला आणि पसंतीच्या शाळांची नावं मोठ्याने वाचून दाखवली. तो सहकारी त्याच बदलीच्या यादीत होता. आपल्याला कुठली शाळा हवी हे प्रतिस्पर्ध्याला सांगून मगच त्याला ती मागता आली. हे मला फार लागलं. 'सिलेक्ट' हा एक शब्द तिथे असता तर हे काम त्याने दहा मिनिटांत, एकट्याने, गुपचूप केलं असतं.

इथे कुणी म्हणेल की सगळा दोष अर्ज बनवणाऱ्यांचा. तसंही नाही. वेबच्या भाषेतच मुळात एक गाठ पडलेली आहे. 'यातलं एक निवडा' हा प्रश्न एचटीएमएलमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: 'सिलेक्ट' म्हणून, किंवा 'रेडिओ' म्हणजे गोल ठिपक्यांचा संच म्हणून. प्रश्न तोच, अर्थ तोच, उत्तरही एकच. फरक फक्त दिसण्याचा. म्हणजे दिसणं कसं असावं हे बनवणाऱ्याला सांगाडा, म्हणजे एचटीएमएल, लिहितानाच ठरवावं लागतं. नंतर कळलं की चारच पर्याय आहेत आणि ते उघडे दिसलेले बरे, तर सांगाडाच मोडून पुन्हा लिहायचा. मजकुराच्या बाबतीत मात्र ही फारकत केव्हाच मान्य झाली होती. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली ती याचसाठी: मथळा हा मथळा आहे एवढं एचटीएमएलने सांगायचं, तो लाल की काळा, मोठा की छोटा हे सीएसएसने. अर्जाच्या निवडीपर्यंत हा विचार पुरता पोचलाच नाही.

तो पोचवण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने एक्सफॉर्म्स नावाचं मानक जाहीर केलं. त्यात एकच निवडायचं असेल तर 'सिलेक्ट१', अनेक निवडायचे असतील तर 'सिलेक्ट', एवढंच लिहायचं. रूपाबद्दल फार तर एक सूचना द्यायची: पूर्ण, आटोपशीर किंवा किमान. पूर्ण म्हटलं की ठिपके पसरून दिसतील, किमान म्हटलं की खाली उघडणारी यादी. आणि ती सूचनाच, हुकूम नाही; ज्या यंत्रावर अर्ज उघडेल त्याने आपल्या सोयीने रूप घ्यावं, आवाजावर चालणाऱ्या यंत्राने प्रश्न बोलून विचारावा. मला हा विचार आजही अतिशय सुंदर वाटतो. पण मोठ्या ब्राउझरांनी तो स्वीकारला नाही. मानक कागदावर राहिलं आणि आपण ठिपके आणि याद्या यांच्या जुन्याच खटल्यात अडकलो.

दुसरी अडचण डिझायनर मंडळी सांगतात ती, आणि ती खरी आहे. 'सिलेक्ट'ची बंद पेटी रंगवता येई, पण उघडल्यावर दिसणारी यादी वर्षानुवर्षं ब्राउझरच्या आणि कार्यप्रणालीच्या ताब्यात होती. तिच्या ओळीत चित्र घालता येत नसे, अंतर वाढवता येत नसे, संस्थेचा फाँट लावता येत नसे. ग्राहक म्हणे, आमच्या पानाशी हे जुळत नाही. मग डिझायनर डिव्हकडे वळत. मीही वळलो होतो. या दोन दशकांत जगभर तयार झालेल्या नकली याद्यांच्या मुळाशी आळसापेक्षा ही कोंडीच जास्त होती.

ती कोंडी आता फुटू लागली आहे. एप्रिल २०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीत 'सिलेक्ट' पूर्णपणे सजवता येऊ लागला. सीएसएसमध्ये 'अपिअरन्स' या गुणाला 'बेस-सिलेक्ट' अशी किंमत (व्हॅल्यू) द्यायची, की यादी खुली होते. ओळींत चित्र घाला, अंतर द्या, रंग द्या. घटक तोच राहतो, बाणांची बटणं तशीच चालतात, स्क्रीन रीडरला कळायचं ते कळतं. ज्या ब्राउझरला हा गुण ठाऊक नाही तो आपली साधी यादी दाखवतो आणि अर्ज अडत नाही. म्हणून 'सुंदर दिसण्यासाठी सांगाडा मोडावा लागला' हे कारण इथून पुढे कमी कमी पटत जाणार.

शोधपेटी असलेल्या याद्यांचं मात्र वेगळं आहे. दीडशे गावांतून आपलं गाव टाइप करून शोधायचं तर साधा 'सिलेक्ट' पुरत नाही, विशेषतः आपल्याकडे, जिथे नाव देवनागरीत आणि कीबोर्डवरची अक्षरं इंग्रजी असतात. अशा जागी वेगळी यादी बांधण्याला माझा विरोध नाही. पण बांधायचीच तर एआरिया नावाच्या मानकातल्या खुणा तिला लावाव्या लागतात, म्हणजे ही यादी आहे, ही उघडी आहे, हा पर्याय निवडलेला आहे हे यंत्राला सांगावं लागतं, आणि प्रत्येक बटणाचं वागणं हाताने लिहावं लागतं. ज्याची एवढी तयारी नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

फारकत आणखी एका जागी लागते, आणि माझ्या मते खान्देशासाठी ती सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक 'ऑप्शन'ला दोन अंगं असतात: माणसाला दिसतं ते नाव आणि आत साठवली जाते ती किंमत. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. किंमत म्हणून तो क्रमांक साठवावा आणि नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवावं, हे साधं शहाणपण. पण अनेक अर्ज दिसणारं नावच साठवतात. आपल्याकडे नावं बदलत आली आहेत. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधीच्या दाखल्यांवर शहादा, तळोदा, अक्कलकुवा यांच्यापुढे 'जि. धुळे' आहे. अलीकडे शेजारच्या औरंगाबादचं आणि अहमदनगरचं नाव बदललं. क्रमांक साठवला असेल तर नाव बदलल्या दिवशी यादीतली एक पाटी बदलायची, नोंद जागेवर राहते. नाव साठवलं असेल तर जुनी नोंद आणि नवी नोंद एकमेकींना ओळखत नाहीत, आणि आपण एकच गावचे आहोत हे सिद्ध करायला माणूस प्रतिज्ञापत्र करत फिरतो. शिवाय पाटी वेगळी असली की ती मराठीत लावा, अहिराणीत लावा, सातपुड्यातल्या पोरांसाठी भिलीत लावा. आतल्या क्रमांकाला त्याचं काहीच नाही.

जमातीच्या यादीचंही तेच दुखणं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ८ व्या क्रमांकावर भिल आणि त्याच नोंदीत तडवी भिल, भिलाला, पावरा, वसावा, वसावे अशी नावं येतात. कायद्याने हा एक गट आहे आणि गटात अनेक नावं आहेत. अर्जात मात्र ही सगळी नोंद स्वल्पविरामांनी जोडून एका लांबलचक ओळीत टाकलेली मी पाहिली आहे. धडगावचा पावरा मुलगा 'प' वर शोधतो आणि त्याला काही सापडत नाही, कारण ती ओळ 'भ' पासून सुरू होते. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० पासून 'ऑप्टग्रुप' नावाचा घटक उपलब्ध आहे, नेमका यासाठी: गटाचं नाव वर, त्यातली नावं खाली. तो न वापरता काही ठिकाणी गट दाखवायला ओळीपुढे मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, किंवा '-----जळगाव-----' अशा रेघा ओढून ती ओळच एक पर्याय म्हणून ठेवलेली असते. डोळ्याला गट दिसतो, स्क्रीन रीडर मात्र रेघा मोजत बसतो किंवा तो गटच गाळून टाकतो, आणि चुकून बोट पडलं तर ती रेघच अर्जात जाते. मांडणीने सांगाड्याचं काम करायला घेतलं की असं होतं.

नेटवर्कचं दुखणं थोडक्यात सांगतो. तोरणमाळ, मोलगी, धडगाव या भागात सिग्नल येतो आणि जातो. पानाबरोबर आलेला 'सिलेक्ट' पान उघडलं की चालू असतो. डिव्हची यादी तिचा प्रोग्राम पूर्ण उतरेपर्यंत नुसतं चित्र असते. बोटाने दाबत राहिलं तरी उघडत नाही. एका तालुक्यातल्या सव्वाशे-दीडशे गावांची नावं साध्या 'ऑप्शन'मध्ये लिहिली तर सगळी मिळून एका लहानशा फोटोपेक्षा हलकी भरतात. ती पहिल्यांदाच पानाबरोबर पाठवायला काय हरकत आहे?

कायदा या बाबतीत बराच पुढे आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आणि दिव्यांगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत, २००८ पासून, घटकाचं नाव, भूमिका आणि किंमत यंत्राला कळलीच पाहिजे ही अट अगदी पहिल्या पायरीची आहे. आबांच्या अर्जातली यादी त्या पहिल्याच पायरीवर अडखळते.

माझी मागणी निविदेपासून सुरू होते. जिल्हा परिषद, महापालिका, विद्यापीठ, कुणीही अर्जाचं काम बाहेर देताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. जिथे निवड आहे तिथे ब्राउझरचा स्वतःचा घटक असेल, आणि वेगळा वापरायचा तर कारण लेखी द्यावं लागेल. यादीत क्रमांक साठवला जाईल, नाव दाखवलं जाईल. आणि बिल मंजूर होण्याआधी तो अर्ज माउस काढून ठेवून, साध्या फोनवर आणि स्क्रीन रीडरवर भरून दाखवावा लागेल, तोही कार्यालयाच्या वायफायवर नव्हे, अक्कलकुव्याच्या पलीकडे कुठेतरी. खर्च वाढेल असं म्हणणाऱ्यांना मी माझ्या धंद्यातून सांगतो, नकली यादी बांधायला जास्त तास लागतात. ठेकेदाराला त्याचेही पैसे मिळतात, म्हणून त्याला ती नकोशी वाटत नाही.

गेल्या वर्षी एका कॉलेजचा प्रवेश अर्ज मी या पद्धतीने पुन्हा लिहिला. गाव, जमात, विषय, सगळ्या याद्या 'सिलेक्ट'च्या, जमातीला 'ऑप्टग्रुप'. मोहाडीच्या दोन्ही ओळी माझ्या जुन्या फोनवर शेवटच्या अक्षरापर्यंत दिसतात हे आधी पाहिलं. मग पारोळ्याच्या मित्राला दुवा पाठवला. त्याने अर्ज एकट्याने भरला आणि फोन केला. याद्या सगळ्या बोलतात म्हणाला. "पण एका जागी नुसतं 'हो' आणि 'नाही' ऐकू येतं. कशाला हो म्हणायचं ते कळत नाही."

तिथे मी वसतिगृह हवं का हा प्रश्न ठळक अक्षरांत वर लिहिला होता आणि खाली दोन गोल ठिपके ठेवले होते. डोळ्याला ते एकत्र दिसत होते, पण त्यांना बांधणारा 'फील्डसेट' आणि प्रश्न सांगणारा 'लेजेंड' मी घातलाच नव्हता. त्या संध्याकाळी दोन ओळी लिहिल्या आणि त्याला पुन्हा दुवा पाठवला.